शाल, श्रीफळ आणि पेन्शनचे कागद

दिवाळी जवळ आली की आपल्याला जवानांची आठवण होते. शाळांतून मुले भेटकार्डे रंगवतात, महिला मंडळे लाडू-चिवड्याचे डबे बांधून सीमेवर धाडतात, आणि वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत निदान एका तरी व्याख्यानात 'ते जागे असतात म्हणून आपण निवांत झोपतो' हे वाक्य कानी पडते. यात वाईट काही नाही. गावाकडचा डबा पोचला म्हणजे पोरे किती आनंदाने त्यावर तुटून पडतात, हे मला चांगले ठाऊक आहे. मी फौजीची मुलगी आहे आणि फौजीचीच बायको. तेव्हा माझे भांडण लाडवांशी नाही. लाडू पाठवून झाले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या समाधानाशी माझे भांडण आहे.

सैनिकाच्या कुटुंबाला आपण मान भरपूर देतो, माहिती मात्र मुळीच देत नाही. तो घरी आला की वेशीपासून मिरवणूक काढतो, शाल पांघरतो, नारळ हातात ठेवतो. पण त्याच्या पेन्शनचे कागद कुठे आहेत, त्यांत बायकोचे नाव नीट लागले आहे काय, उद्या त्याचे बरेवाईट झाले तर तिच्या हाती महिन्याला काय पडेल, हे विचारणारा एकही माणूस त्या मिरवणुकीत नसतो. आणि कोणी विचारलेच, तर 'वेळ काय, बोलतोस काय?' म्हणून त्यालाच गप्प केले जाते.

मी ज्या मुलुखातली आहे, तिथे हा प्रश्न चार घरांचा नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला सगळे जण 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. कोल्हापूरकडे 'सैनिक गिरगाव' आहे. अशा गावांत पिढ्यान् पिढ्या घराचे अर्थकारण फौजेच्या पगारावर आणि पेन्शनीवर चालत आले आहे. शंभर वर्षांचा हा व्यवहार, पण त्याचे ज्ञान घरातल्या बाईपर्यंत कधी पोचलेच नाही. पूर्वी पोस्टमन मनीऑर्डर आणी आणि ती अंगठा उठवी; आता पैसे परस्पर खात्यात जमा होतात आणि ती अंगठाही उठवीत नाही. यालाच प्रगती म्हणावयाचे असेल तर म्हणा बापडे!

पहिली गोष्ट म्हणजे 'निवृत्ती' हा शब्दच इथे फसवा आहे. शाळामास्तर किंवा कचेरीतला कारकून अठ्ठावन्नाव्या, साठाव्या वर्षी निवृत्त होतो. तोवर त्याची मुले मार्गी लागलेली असतात, घराचे कर्ज फिटलेले असते, मुलीचे लग्न झालेले असते. शिपाई, नाईक, हवालदार बहुतेक पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान घरी परततो. थोरला आठवीत, धाकटी चौथीत, आईवडील थकलेले, आणि स्वतः मात्र ऐन उमेदीत. पंधरा वर्षांची नोकरी भरली की जवान पेन्शनीला पात्र होतो आणि ती शेवटच्या पगाराच्या निम्मी असते, वर महागाईचा भत्ता. म्हणजे ज्या वयात इतरांचे पगार चढणीला लागतात, त्या वयात याचा पगार अर्धा होतो. ही निवृत्ती नव्हे. दुसऱ्या, अधिक अवघड नोकरीच्या शोधाची ती सुरुवात आहे. देशाला तरुण सैन्य हवे, म्हणून त्याला लवकर घरी पाठवतात. हे मला समजते. पण त्या तारुण्याची किंमत एकट्या त्याच्या घराने का मोजावी?

'एक हुद्दा, एक पेन्शन' ही मागणी याच दुखण्यातून निघाली. तिसऱ्या वेतन आयोगानंतर, १९७३ पासून, सैनिकाचा आणि मुलकी नोकराचा हिशेब एकाच मापाने होऊ लागला आणि आधी निवृत्त झालेले म्हातारे नंतर निवृत्त होणाऱ्यांच्या मागे पडत गेले. चाळीस वर्षे तक्रारी चालल्या. २०१५ च्या उन्हाळ्यात छातीवर पदके लावून माजी सैनिक दिल्लीच्या जंतरमंतरवर बसले, तेव्हा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हुकूम निघाला. तो १ जुलै २०१४ पासून लागू झाला आणि दर पाच वर्षांनी आकडे नव्याने बसवावयाचे ठरले. पहिला फेरहिशेब २०१९ च्या जुलैपासूनचा. तो जाहीर झाला २०२२ च्या डिसेंबरात! ऐंशी वर्षांच्या माणसाला साडेतीन वर्षे थांबा म्हणणे फार सोपे असते. थांबणे त्याला परवडत नाही. परंतु सरकारला बोल लावणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे बरेचसे खरेही आहे. मला आज बोलावयाचे आहे ते आपल्याविषयी, तुमच्या-माझ्या घराविषयी.

जवान निवृत्त होताना त्याच्यापुढे एक कागद येतो. पेन्शनीचा काही हिस्सा विकून एकरकमी पैसे घेता येतात. मुलकी नोकराला चाळीस टक्क्यांपर्यंत मुभा आहे, सैनिकाला निम्म्यापर्यंत. समजा, शेवटचा पगार ४० हजार, म्हणजे पेन्शन २० हजार. त्यातली निम्मी, १० हजार, त्याने विकली. चाळिशीच्या आतल्या माणसाला वर्षाच्या रकमेच्या सुमारे नऊपट मिळतात, म्हणजे जवळजवळ ११ लाख. मग पंधरा वर्षे महिन्याला १० हजार कापले जातात आणि त्यानंतर पेन्शन पुन्हा पुरती होते. पंधरा वर्षांत एकूण १८ लाख कापून जातात. महागाईचा भत्ता मात्र पुऱ्या २० हजारांवर मिळत राहतो. आणि मध्येच तो दगावला तर त्या विक्रीपायी बायकोच्या कुटुंब-पेन्शनीतून छदामही कापत नाहीत. एकूण व्यवहार तसा वाईट नाही. स्वतःच्या पुढच्या पंधरा वर्षांकडून काढलेले हे कर्ज आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

पण ध्यानात कोण ठेवतो? फौजी पैसे घेऊन येतो आहे, ही बातमी त्याच्या आधी गावात पोचते. मग कोणाच्या तरी ओळखीचा प्लॉट निघतो, कोणी दामदुप्पट योजना सुचवतो, भाऊबंद सामाईक विहिरीची गोष्ट काढतात, आणि 'फौजीच्या पोरीचे लग्न साधेच करणार काय?' हा प्रश्न सोयरे मोठ्या प्रेमाने विचारतात. दोन वर्षांत एक सिमेंटचे घर उभे राहते, दारात चारचाकी येते, आणि खात्यात उरते ती निम्मी पेन्शन. मग तोच माणूस शहरातल्या एखाद्या बँकेच्या किंवा सोसायटीच्या दारात रखवालदाराच्या खुर्चीवर बसतो. त्या खुर्चीला मी कमी लेखत नाही. घामाचा पैसा आहे तो. पण वीस वर्षे बर्फात आणि वाळवंटात उभ्या राहिलेल्या माणसाला ती नोकरी आवडीने नव्हे, तर नाइलाजाने करावी लागावी, आणि तो नाइलाज आपल्याच मानपानाने आणलेला असावा, याची लाज कोणाला वाटावयाची?

आता बायकांच्या गोष्टीकडे येते, कारण खरे दुखणे तिथेच आहे.

आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची हौस आहे. माहेरची सुमन सासरी वैशाली होते, तांदळात नाव लिहिले जाते, पेढे वाटले जातात. शाळेच्या दाखल्यावर सुमन, शिधापत्रिकेवर वैशाली, आधार कार्डावर तिसरेच काही, आणि पलटणीच्या रेकॉर्डात नवऱ्याने घाईघाईने लिहून दिलेले चौथे. तो हयात असेतो या चार बायका एका घरात गुण्यागोविंदाने नांदतात. तो गेल्यावर मात्र त्यांच्यातली खरी कोणती, हे सिद्ध करण्याचे काम त्या एकट्या विधवेवर पडते. माझ्या नात्यातल्या एका बाईला दहा महिने हेलपाटे घालावे लागले. तालुक्याच्या कचेरीतून जिल्ह्याला, तिथून प्रतिज्ञापत्रासाठी वकिलाकडे, तिथून पुन्हा पहिल्या कचेरीत. त्या दहा महिन्यांत तिने दोन म्हशी विकल्या. कोणी तिच्याशी उद्धटपणे बोलले नाही. प्रत्येक जण 'ताई, आम्हांला तुमच्याविषयी फार आदर आहे' असे म्हणत होता. आदराने म्हशी परत येत नाहीत.

लग्न झाले, मूल झाले, की जवानाने ते पलटणीत कळवून त्याची नोंद करून घ्यावयाची असते. फौजी तिला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. मराठा पलटणीचे रेकॉर्ड बेळगावला आहे. लग्नात हजार पत्रिका वाटणाऱ्या घराने ही एक नोंद झाली की नाही, हे विचारले असते तर काय बिघडले असते?

बरे, पेन्शन मिळाली तरी ती कोणती, हे तिला सांगते कोण? नवरा घरी आजाराने गेला तर साधी कुटुंब-पेन्शन, पगाराच्या ३० टक्के. सेवेत असताना गेला तर पहिली दहा वर्षे ५० टक्के, मग ३०. आधी यासाठी सात वर्षांची सलग नोकरी लागे. ती अट ऑक्टोबर २०१९ पासून गेली. मृत्यू फौजी सेवेच्या कारणाने आला असे ठरले तर विशेष पेन्शन, ६० टक्के. आणि लढाईत किंवा तशा कारवाईत आला तर पुरा पगार. म्हणजे एकाच तुकडीतले दोघे एकाच आठवड्यात गेले, तरी एकीच्या घरी पूर्ण पगार येईल आणि दुसरीच्या घरी त्याहून कितीतरी कमी; सगळे अवलंबून राहणार मृत्यूच्या कारणापुढे कोणता शब्द लिहिला गेला यावर. तो शब्द ठरत असतो, तेव्हा ही बाई तेराव्याच्या पाहुण्यांना चहा करीत असते. निर्णय पटला नाही तर अपील करता येते, त्यासाठी २००९ पासून सशस्त्र दलांचे खास न्यायाधिकरण आहे, हे तिला सांगणारा घरात कोणी नसतो.

आणि पुन्हा लग्न करावयाचे म्हटले तर? शौर्यपदक मिळवून गेलेल्या वीराच्या पत्नीला जो मासिक भत्ता मिळतो, तो तिने दुसरे लग्न केल्यास बंद होई; चालू राही तो फक्त दिराशी लग्न केल्यास! ही अट कोणत्या पुराणातली वाटते ना? ती २०१७ साली उठली. तोवर आपण चंद्रावर आणि मंगळावर याने धाडली होती. सरकारने अट काढली. आपल्या घरांतली निघाली काय? 'पैसा घरातच राहू दे' म्हणून सव्वीस वर्षांच्या पोरीला विशीतल्या दिराच्या गळ्यात बांधणारी घरे मला माहीत आहेत. तिला कोणी विचारत नाही आणि त्या पोरालाही नाही.

याची दुसरी बाजूही मी लपवणार नाही. सून पेन्शन घेऊन माहेरी गेली आणि म्हातारी सासू-सासरे उघड्यावर पडले, अशीही घरे आहेत. त्यांचे दुःख खोटे नाही. पण यावर दिराशी लग्न हा उपाय नव्हे. उपाय आहे तो जिवंतपणी केलेली व्यवस्था. कुटुंब-पेन्शन कायद्याने पत्नीकडे जाते, ती मृत्युपत्राने फिरवता येत नाही. परंतु बचत, जमीन, घर यांची वाटणी जवानाला स्वतः लिहून ठेवता येते. न लिहिल्यास हिंदू वारसा कायद्याने आई पहिल्या वर्गाची वारस ठरते आणि बाप दुसऱ्या, हे किती बापांना ठाऊक आहे? दोन साक्षीदारांसमोर केलेल्या एका कागदाने जे भांडण टळेल, ते आपण दोन पिढ्या कोर्टात चालवतो.

इथे कोणी तरी म्हणेल, 'बाई, दिवाळीच्या अंकात हे मरणाचे काय काढले? अशुभ आहे.' माझे उत्तर असे की जवान भरती होतो त्याच दिवसांत फौज त्याच्याकडून वारसाचे नाव लिहून घेते. १९७६ पासून फौजेचा गटविमा आहे. त्याचा हप्ता दर महिन्याला पगारातून कापला जातो. फौजेला अशुभाची भीती वाटत नाही, आणि आपल्याला वाटते! दुसरा म्हणेल, 'बायकांना हे हिशेब कळत नाहीत.' वीस वर्षे नवरा वर्षातून दोन महिने घरी येत असता जिने शेती कसली, सोसायटीचे कर्ज फेडले, सासऱ्याचा दवाखाना केला आणि पोरांच्या फिया भरल्या, तिला ३० टक्के आणि ५० टक्के यांतला फरक कळणार नाही काय? तिला कळत नाही असे नव्हे, तिला दाखवलेच जात नाही. आणि तिसरा, जो सर्वांत सभ्य असतो, तो म्हणेल, 'सैनिक काय पैशासाठी लढतो?' नाही, महाराज, तो पैशासाठी लढत नाही. म्हणूनच त्याच्या पैशाचा विचार ज्यांच्यासाठी तो लढतो त्यांनी करावयाचा असतो. त्यागाची भाषा ज्याने त्याग केला त्याच्या तोंडी शोभते. खुर्चीत बसून चकली खाणाऱ्याच्या तोंडी नव्हे.

आता अग्निवीर. जून २०२२ मध्ये ही योजना आली. चार वर्षांची नोकरी, पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार; त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात आणि तेवढीच भर सरकार घालते. बेरीज करून पाहा: मुलाचे ५ लाख २ हजार, सरकारचे तितकेच, मिळून १० लाख ४ हजारांच्या घरात, वर व्याज. योजनेप्रमाणे शंभरातल्या पंचवीस जणांना पुढे ठेवावयाचे. उरलेल्यांनी घरी यावयाचे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सेवेत मृत्यू आला तर ४८ लाखांचा विमा आणि सेवेच्या कारणाने आला असल्यास वर ४४ लाखांचे अनुदान. पण आईला किंवा पत्नीला महिन्याची कुटुंब-पेन्शन नाही. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात.

माझे मत मी स्पष्ट सांगते. गोळी नियमित जवान आणि अग्निवीर यांच्यात फरक करीत नाही. मग मागे राहिलेल्या आईच्या महिन्याच्या भाकरीत फरक का असावा? रक्कम मोठी दिसते म्हणून ती पेन्शनीची जागा घेत नाही. एकरकमी पैशावर दहा जणांचा डोळा असतो. महिन्याच्या पेन्शनीवर फार तर दोघांचा. पण हा वाद दिल्लीत मिटेपर्यंत पोरे घरी येणारच. तेव्हा आईबापांनो, ऐका. त्या दहा लाखांचे सात टक्क्यांनी महिन्याला सहा हजारही होत नाहीत. ते आयुष्याचे पैसे नव्हेत. ते दुसरे शिक्षण, दुसरा धंदा उभा करण्याचे भांडवल आहे. त्यातून पहिल्या वर्षी जीपगाडी आणि दुसऱ्या वर्षी वाजतगाजत लग्न केलेत, तर पोराची चार वर्षे तुम्ही वरातीत उडवलीत, असे मी म्हणेन.

शेवटी सर्वांत म्हाताऱ्यांविषयी. वर्षातून एकदा पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. बहुतेक घरांत तो नोव्हेंबरात, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढेच. आता पेन्शनीचे काम 'स्पर्श' नावाच्या यंत्रणेकडून होते. नाव मोठे गोड आहे. पण भांगलण करून झिजलेल्या बोटांचा स्पर्श यंत्राला पुष्कळदा ओळखू येत नाही. ऐंशी वर्षे पुरी झाली की पेन्शनीत २० टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०. पण कागदावर त्या आजीची जन्मतारीखच नसेल, तर यंत्राच्या लेखी ती कधीच ऐंशीची होत नाही. अशी आजी तुमच्या आळीत असेल. तिला शाल नको आहे. तिला तरुण डोळ्यांचा एक माणूस आणि त्याची एक दुपार हवी आहे. तुमच्यात बँकेतले कारकून आहेत, शिक्षक आहेत, कॉलेजात जाणारी मुले आहेत. एवढे काम कोणालाही जमण्यासारखे आहे. अडलेच तर प्रत्येक जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथवर तिला सोबत करा.

माझी मागणी फार नाही. प्रत्येक फौजीच्या घरात एक काळी पत्र्याची ट्रंक असते, पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेली. व्यापारी लक्ष्मीपूजनाला वह्या पुजतात. या वर्षी फौजीच्या घराने ती ट्रंक उघडावी. सेवेचा दाखला, पेन्शन ऑर्डर, विम्याचा कागद, बँकेचे पुस्तक, आरोग्य योजनेचे कार्ड, मुलांचे जन्मदाखले एकेक बाहेर काढावेत आणि मोठ्याने वाचावेत. वाचावेत ते नवऱ्याने नव्हे, बायकोने. प्रत्येक कागदावर तिचे नाव एकच आहे की नाही, ते पाहावे. नसेल, तर तुळशीच्या लग्नाआधी अर्ज टाकावा. नवरा सीमेवर असेल तर त्याला फोन करून विचारावे, आणि त्यानेही चिडू नये. ज्या हिमतीने तो बंदुकीपुढे उभा राहतो, त्याच्या दशांश हिमतीने त्याने आपल्या बायकोच्या प्रश्नापुढे उभे राहावे.

लाडू तर पाठवाच. फक्त डब्यात एक चिठ्ठी घाला: 'दादा, वहिनींचे नाव रेकॉर्डात लागले का?'